बीजगणिताची भीती आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक हितचिंतक मेळाव्यात एका निवृत्त गणित प्राध्यापिकेने केलेले हे भाषण. वसतिगृहातील महाविद्यालयीन मुलामुलींसाठी चालणाऱ्या संध्याकाळच्या गणित वर्गाचे काम त्या पाहतात. भाषण थोडे संक्षिप्त करून येथे देत आहोत. – संपादक)



दर वर्षीच्या मेळाव्यात आपण दवाखान्याचे, विहिरींचे, बालवाड्यांचे वृत्त ऐकतो. आज मला ज्या विषयावर बोलायला सांगितले आहे तो ऐकून काहींना नवल वाटेल. विषय आहे महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातला गणिताचा पेपर. एवढ्याशा गोष्टीसाठी मेळाव्यातला अर्धा तास कशाला, असे कोणी विचारले तर माझे उत्तर असे की आपली बरीच मुले पाड्यावरून निघून, आश्रमशाळा पार करून, बारावी पास होऊन इथवर येतात आणि नेमकी या पेपरापाशी अडतात.

वाट कशी आहे ते आधी सांगते. दहावीला गणिताचे दोन भाग असतात. पहिला बीजगणित, दुसरा भूमिती. प्रत्येकी ४० गुण, आणि २० गुण शाळेच्या हातात. कसेबसे पस्तीस गाठून मूल सुटते. अकरावीला वाणिज्य शाखा घेतली तर गणित घ्यायलाच पाहिजे असे नाही. त्याऐवजी दुसरा विषय घेता येतो, आणि ज्याला गणिताचा धसका आहे तो दुसराच घेतो. दोन वर्षे बरी जातात. मग बी.कॉम.च्या पहिल्या वर्षात गणित पुन्हा समोर उभे राहते. मुंबई विद्यापीठात प्रथम वर्ष वाणिज्यला गणित आणि संख्याशास्त्राचा पेपर वर्षानुवर्षे सक्तीचा होता. तंत्रनिकेतनात पदविकेला गेले, विज्ञान शाखेला गेले, तरी पहिल्याच सत्रात बीजगणित आहेच. दोन-तीन वर्षे न उघडलेले पुस्तक एकदम उघडायचे, तेही इंग्रजीत.

पुढे काय होते ते आपण जाणता. एटीकेटी लागते. नियमाने वरच्या वर्गात जाता येते, पण तो विषय मानेवर बसून राहतो. गेल्या वर्षी आपल्या वसतिगृहातला एक मुलगा दुसऱ्यांदा त्या पेपरात राहिला. फेरपरीक्षेची फी संस्था भरायला तयार होती. हॉलतिकीटही आले होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो गावी निघून गेला, आणि दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर गेला. बाकी सगळ्या विषयांत तो पास होता. तो पैशाअभावी गेला नाही, आळसाने गेला नाही. तो घाबरून गेला. म्हणून आज भीतीविषयी बोलायचे आहे.

ही भीती म्हणजे बुद्धी कमी असणे नव्हे, हे प्रथम सांगते. मानसशास्त्रज्ञांनी तिचा वेगळा अभ्यास केला आहे. १९७२ साली अमेरिकेत रिचर्डसन आणि सुइन या दोघांनी गणिताची भीती मोजण्यासाठी ९८ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. दुकानात मोड मोजताना कसे वाटते, परीक्षेची उत्तरपत्रिका परत मिळताना कसे वाटते, असे साधे प्रश्न. तेव्हापासून या विषयावर पुष्कळ काम झाले. २०१२ साली साठाहून अधिक देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांची जी पिसा पाहणी झाली, तिच्यात सुमारे ६० टक्के मुलांनी सांगितले की गणिताचा तास जड जाईल याची आपल्याला नेहमी चिंता वाटते. म्हणजे हे दुखणे आदिवासी मुलांचे नव्हे, गरिबांचे नव्हे, आपल्या देशाचेही नव्हे. ते सगळ्यांचे आहे.

भीतीने नेमके काय होते? मार्क ॲशक्राफ्ट नावाच्या संशोधकाने याचा छडा लावला. आपल्या मनात एक छोटी पाटी असते असे समजा. हिशोब करताना हातचा धरायचा, आधीची पायरी आठवायची, पुढची मांडायची, हे सगळे त्या पाटीवर चालते. पाटी लहान आहे, सगळ्यांचीच लहान आहे. मूल घाबरले की त्याच पाटीवर दुसरे लिखाण सुरू होते. ‘मला येणार नाही. सगळे हसतील. घरी काय सांगू?’ अर्धी पाटी तिथेच भरते. उरलेल्या अर्ध्या पाटीवर सात अधिक दोन होते, पण सत्तेचाळीस अधिक अठ्ठावीस करताना हातचा निसटतो. बीजगणितात तर प्रत्येक ओळीत काही ना काही धरून ठेवावे लागते. त्यामुळे घाबरलेल्या मुलाचा पेपर वाचून त्याला काय येते ते कळत नाही. त्या तीन तासांत त्याच्याजवळ किती पाटी उरली होती एवढेच कळते.

मत्तयाच्या शुभवर्तमानातला, धन्याने चाकरांवर पैसे सोपवल्याचा दाखला आपण सगळ्यांनी ऐकला आहे. एका चाकराने आपल्या वाट्याचे पैसे जमिनीत पुरून ठेवले. का पुरले ते तो स्वतःच सांगतो: मी भ्यालो. त्याने ते उधळले नाहीत, हरवलेही नाहीत. भीतीने पुरले, एवढेच. वर्गात मागच्या बाकावर खाली मान घालून बसलेली मुले पाहिली की मला तो शब्द आठवतो.

भीती सगळ्यांना असली, तरी आपल्या मुलांच्या पाटीवर आणखी तीन गोष्टी आधीच लिहिलेल्या असतात.

पहिली गोष्ट भाषेची. घरी पावरी, भिली, गोंडी किंवा कातकरी. शाळेत मराठी. कॉलेजात इंग्रजी. एकच मूल, एकच समीकरण, आणि तीन भाषा. शाळेत त्याने ‘चल’ हा शब्द शिकला. चल म्हणजे बदलणारी संख्या. पण त्याच्या कानाला ‘चल’ म्हणजे ‘ऊठ, निघू या’. ‘पद’ म्हणजे पाय की हुद्दा? ‘अवयव पाडा’ म्हटले की हात-पाय डोळ्यांसमोर येतात. तरी घोकून घोकून या शब्दांशी त्याने ओळख केली, आणि कॉलेजात गेल्यावर ते सगळे शब्द गेले. चलाचे व्हेरिएबल झाले, पदाचे टर्म झाले, अवयवाचे फॅक्टर झाले. ज्याला त्या वस्तू येतात तोही नावे बदलल्यामुळे अनोळखी माणसांत उभा राहिल्यासारखा होतो. आकड्यांचेही तसेच. मराठीत आपण सत्तावन्न म्हणतो तेव्हा आधी सात ऐकू येतो, मग पन्नास. इंग्रजीत आधी पन्नास, मग सात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास सात’ अशी वाचनाची रीत आणली तेव्हा केवढा वाद झाला ते आपल्याला आठवत असेल. वादात कोण बरोबर ते सोडून द्या. आकडा ऐकून लिहिताना मूल क्षणभर अडखळते, एवढे तरी त्यातून सगळ्यांच्या लक्षात आले.

दुसरी गोष्ट तुटलेल्या शाळेची. दिवाळी झाली की कुटुंब भट्टीवर किंवा उसाच्या फडावर जाते आणि पावसाच्या तोंडाशी परत येते. मूल बरोबर गेले तर त्या महिन्यांत वर्गात जे शिकवले ते त्याच्या आयुष्यातून गळाले. इतिहासातला एखादा धडा गळाला तर पुढचा वाचता येतो. गणितात अपूर्णांक गळाला की त्याच्यावरचे सगळे मजले डुगडुगतात. कॉलेजात आलेल्या मुलाला ‘बीजगणित येत नाही’ म्हणतात, पण खाली जाऊन पाहिले तर बऱ्याचदा पाचवी-सहावीतला अपूर्णांक आणि सातवीतले उणे चिन्ह एवढेच सापडते.

तिसरी गोष्ट एकटेपणाची. घरातून कॉलेजात गेलेले ते पहिलेच. दादाला विचारावे तर दादा भट्टीवर. वर्गात विचारावे तर सगळे वळून बघतील. म्हणून ते विचारत नाही. वही पुढ्यात घेऊन एकटेच बसते.

आता कोणी म्हणेल, इतका त्रास आहे तर हा विषय त्यांच्या माथी मारायचाच कशाला? बीजगणिताचा आणि पाड्याचा संबंध काय? याचे उत्तर मला एका मुलीने दिले. ती आज सभागृहात आहे, म्हणून तिचे नाव घेत नाही.

वर्गात धन आणि ऋण संख्या चालल्या होत्या. मी सांगत होते की हे शब्द आपल्याकडे फार जुने आहेत. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने अशा संख्यांचे नियम लिहिले तेव्हा त्याने हेच दोन शब्द वापरले. धन म्हणजे जवळ असलेली संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. शून्यातून धन वजा केले की ऋण होते, आणि शून्यातून ऋण वजा केले की धन होते. सातवीत उणे-उणे अधिक म्हणून पाठ केलेला नियम हाच. कोणी तुमचे कर्ज काढून टाकले तर तुम्ही तेवढ्याने श्रीमंत झालात. इतके सांगितल्यावर ती मुलगी म्हणाली, “मॅडम, मग भट्टीवरचा हिशोब असा मांडता येईल?”

आम्ही तो फळ्यावर मांडला. आकडे सोयीचे घेतले. समजा जोडप्याने दिवाळीपूर्वी ३०,००० रुपये उचल घेतली. भट्टीवर आठवड्याला १,५०० रुपये खर्ची मिळते. २४ आठवड्यांची खर्ची ३६,००० रुपये. म्हणजे शेठचे ६६,००० रुपये अंगावर. वीट थापण्याचा दर हजारी ७५० रुपये. किती हजार विटा थापल्या ते माहीत नाही, म्हणून त्याला ‘न’ म्हणू. मग

बाकी = ७५० न – ६६,०००

न जर ८८ असेल तर बाकी शून्य. उचल फिटली, हातात काही नाही. न १०० असेल तर ९,००० रुपये घेऊन घरी. आणि अवकाळी पाऊस आला, पोर आजारी पडले, न ८० वर थांबला, तर बाकी उणे ६,०००. फळ्यावरच्या त्या उण्याच्या आडव्या रेघेकडे बघत ती म्हणाली, “म्हणजे पुढच्या वर्षी परत त्याच भट्टीवर.”

वर्गात कोणी बोलले नाही. मग मागून एका मुलाने सांगितले की त्यांच्याकडे तुटफुटीच्या नावाने ११०० विटांना हजार धरतात. तेही आम्ही मांडले. ८८ हजार भरायला प्रत्यक्षात ९६,८०० विटा थापाव्या लागतात. वरच्या ८,८०० विटांचे ७५० च्या दराने ६,६०० रुपये होतात. त्या मुलांनी त्या विटा स्वतः मोजल्या होत्या, लहानपणी उलटवल्या होत्या. पण त्यांचे रुपये किती होतात ते त्यांनी प्रथमच पाहिले.

वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. कायदा आहे, तरी हिशोबाची वही शेठकडेच असते. समीकरण मांडल्याने शेठ वही बदलत नाही, हे मीही जाणते. पण ज्याला समीकरण मांडता येते त्याला काय विचारायचे ते कळते. किती हजार धरले? तूट किती कापली? खर्ची किती आठवड्यांची लावली? अडाणी माणसाला अंगावर टाकलेली बाकी आभाळातून पडल्यासारखी वाटते. समीकरणात ती बाकी चार आकड्यांची होते, आणि त्यातला प्रत्येक आकडा बोट ठेवून विचारता येतो. म्हणून हा विषय आपल्या मुलांच्या माथी मारलेला नाही. तो त्यांच्या हक्काचा आहे.

आणि तो परका तर मुळीच नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणि’चा एक भाग ‘बीजगणित’ या नावाचाच आहे. चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढल्याचे त्यात कोरले आहे. त्या परिसरात आज भिल्लांची वस्ती आहे. तिथली मुले ज्या विषयाला घाबरतात तो त्यांच्याच डोंगराच्या पायथ्याशी आठशे वर्षांपूर्वी शिकवला जात होता. आज आपण अज्ञात संख्येला क्ष म्हणतो. त्या काळी पहिल्या अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हणजे ‘जेवढे असेल तेवढे’ म्हणत, आणि पुढच्यांना रंगांची नावे देत: काळा, निळा, पिवळा. आमच्या वर्गात ज्याला क्षची धडकी भरते त्याला मी निळा खडू देते. ‘दोन निळे आणि तीन मिळून अकरा, तर एक निळा किती?’ याला कोणी घाबरत नाही. इंग्रजीतला अल्जिब्रा हा शब्द अरबी ‘अल-जब्र’वरून आला. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीच्या ग्रंथाच्या नावात तो आहे. त्याचा अर्थ सांधणे, मोडलेले जागेवर बसवणे. स्पॅनिश भाषेत हाड बसवणाऱ्या वैद्यालाही पूर्वी याच शब्दावरून हाक मारत. हाड बसवणारा म्हातारा आपल्या मुलांनी गावागावात पाहिलेला आहे. समीकरणाच्या एका बाजूचे निखळलेले दुसऱ्या बाजूला नीट बसवायचे, हे त्यांना सांगितले की लगेच समजते.

आता वर्गात आम्ही काय करतो ते सांगते, कारण आपल्याकडे मागायचे आहे ते त्यातच आहे.

एक. आम्ही एकटे बसू देत नाही. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात उरी ट्रीझमन नावाच्या गणितज्ञाने सत्तरच्या दशकात एक गोष्ट पाहिली. पहिल्या वर्षाच्या कलन गणितात कृष्णवर्णीय मुले मोठ्या संख्येने मागे पडत होती. लोक म्हणत होते, त्यांची तयारी कच्ची, घरी आस्था नाही. त्याने मुलांबरोबर राहून पाहिले तेव्हा कळले की ही मुले मेहनत भरपूर करत होती, पण एकेकटी, खोलीचे दार लावून. चिनी वंशाची मुले मात्र आपापला अभ्यास झाला की एकत्र बसून उत्तरे ताडून बघत, एकमेकांच्या चुका काढत. ट्रीझमनने मुलांना एकत्र बसवले. आणि त्यांना सोपी नव्हे, तर अधिक अवघड उदाहरणे दिली. दयेची शिकवणी दिली नाही, मानाची दिली. त्या मुलांचे निकाल खूप सुधारले. आपल्या मुलांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. भात लावणीला सगळा पाडा एकमेकांच्या शेतावर जातो. तीच रीत वहीवर आणायची.

दोन. चूक झाली की आम्ही ती खोडत नाही, तिचे चित्र काढतो. अ अधिक ब यांचा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग, ही चूक जगभर होते. फुली मारून ती जात नाही. म्हणून आम्ही मोगऱ्याची चौरस वाडी काढतो. एका बाजूला १० आणि ३ मिळून १३ पावले, दुसऱ्या बाजूलाही तेवढीच. आतला मोठा चौरस १००, कोपऱ्यातला छोटा ९. मिळून १०९. पण १३ गुणिले १३ तर १६९. साठ कुठे गेले? मुले वाकून बघतात. दोन बाजूंना तीस-तीसच्या दोन पट्ट्या राहिल्या आहेत. त्या पट्ट्या एकदा दिसल्या की परीक्षेत विसरत नाहीत.

तीन. आधी आपल्या बोलीत सांगायचे, मग मराठीत, मग इंग्रजीत, आणि शेवटी चिन्हांत. वेळ लागतो. लागू देतो.

चार. परीक्षेआधी दहा मिनिटे मनातली भीती कागदावर लिहून काढायची. हा मनाचा खेळ नव्हे. २०११ साली रामिरेझ आणि बायलॉक यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात असे प्रयोग प्रसिद्ध केले. परीक्षेला फार घाबरणाऱ्या मुलांनी पेपराच्या आधी आपली काळजी लिहून काढली तेव्हा त्यांचे गुण वाढले. पाटीवरचे नको ते लिखाण कागदावर उतरले की पाटी मोकळी होते. आमची मुले काय लिहितात ते मी वाचत नाही. कागद त्यांचेच, तेच फाडून टाकतात.

एवढे करून सगळे पास होतात असे मी म्हणणार नाही. होत नाहीत. काही पुन्हा राहतात. पण राहिलेली मुले पुन्हा परीक्षेला बसतात, गावी पळून जात नाहीत. माझ्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

तर आता मागणे. वर्गाला फळा आहे, खडू आहेत, इन्व्हर्टर आपण मागच्या वर्षी दिलात. कमी आहेत ती माणसे. वीसेक मुले आणि मी एकटी. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक तास, दोन मुलांशेजारी बसायला माणूस हवा आहे. गणिताची पदवी नको. आपल्यात बँकेत काम केलेले आहेत, औषधाचे डोस मोजणाऱ्या परिचारिका आहेत, मंडळीचे खजिनदार आहेत, घर चालवणाऱ्या आया-बहिणी आहेत. हे सगळे रोज बीजगणितच करतात.

येणाऱ्यांसाठी तीनच नियम आहेत. पहिला, मुलाच्या हातातली पेन्सिल घ्यायची नाही. त्याचे गणित त्याच्याच हाताने सुटले पाहिजे. दुसरा, गप्प बसायचे. प्रश्न विचारल्यावर मूल विचार करत असते तेव्हा आपल्याला ती शांतता खायला उठते आणि आपण उत्तर सांगून टाकतो. सांगू नका. तिसरा नियम सगळ्यात अवघड आहे. ‘सोपं आहे’ असे म्हणायचे नाही. आपण धीर द्यायला म्हणतो, पण त्या मुलाला काय ऐकू येते ते बघा. सोपे आहे आणि तरी मला येत नाही, म्हणजे माझ्यातच काही कमी आहे. त्यापेक्षा ‘हे अवघड आहे, आपण दोघे मिळून बघू’ असे म्हणा. ते खरेही आहे.

ज्यांना येणे जमणार नाही त्यांनाही एक काम आहे. घरी, शेजारी, रविवारच्या शाळेत, मुलांसमोर ‘मलाही गणित कधी आलं नाही’ असे हसत सांगणे थांबवा. बायलॉक आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१० साली अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या वर्गांत पाहिले की ज्या शिक्षिकांना स्वतःला गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गातल्या ज्या मुलींनी ‘गणित मुलांचे, वाचन मुलींचे’ असे मनात धरले, त्या वर्षअखेरीस गणितात मागे पडल्या. मोठ्यांची भीती मुलांना न शिकवता येते. आपल्या मुली आधीच पुष्कळ ओझे वाहतात. त्यात हे घालू नका.

वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसात वाजता असतो. पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या आधी आहे, आणि दिवाळीनंतर भट्ट्या पेटतात. मुलांनी कुठे जायचे ते त्या मधल्या थोड्या आठवड्यांत ठरते. आज बाहेर नोंदवहीपाशी वसतिगृहाच्या गृहमाता बसल्या आहेत. आपले नाव आणि आपल्याला जमणारा वार लिहून जा. पहिल्या दिवशी मी आपल्याबरोबर बसेन.